पुसायचे राहिलेले शब्द

१२ एप्रिल २००८

मिनोरी,

चेरीचा बहर सरला. ओढ्याचं पाणी अजून हाताला चावतं, पण पाणचक्कीला जोर चांगला आहे. देवदाराची वाळलेली पानं गेल्या आठवड्यात खाली आणली. आता मुसळं दिवसभर चालू असतात आणि माझ्या नाकात उदबत्तीच्या भुकटीशिवाय दुसरं काही शिरत नाही.

वरच्या खिंडीत मोबाइलचा टॉवर उभा राहिला. सुरू झाला त्या दिवशी कंपनीची माणसं साके घेऊन घरोघर आली होती. शेजारच्या शिगे आजींनी बाटली घेतली आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं कुठे होतात? ज्यांच्याशी बोलायचं होतं ते सगळे मेले आता."

तू पाठवलेला मोबाइल परवा पोचला. तुझाच जुना आहे हे बरं झालं. दुसऱ्या कुणी दिला असता तर मला परतफेडीचं खोकं बांधावं लागलं असतं. तुझी आई म्हणायची, घेतलेल्याच्या निम्मं तरी परत गेलंच पाहिजे, नाहीतर वस्तू घरात परकी राहते.

तू लिहून दिल्याप्रमाणे मेसेज लिहायला बसलो. मला लिहायचं होतं, ‘आज पानं आणली.’ मी ‘आज’ एवढंच लिहिलं तर यंत्राने खाली आपणहून लिहिलं, ‘पण झोप नाही’. मी दचकलो. शिगे आजींना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "यंत्र तुझ्यापेक्षा खरं बोलतं. डोळे बघ आरशात."

हे शब्द त्याला कोण शिकवतं? आणि तुला झोप लागत नाही का? आईच्या तसबिरीपुढे रोज तुझं नाव घेतो.

तुझा बाबा


२१ एप्रिल २००८

बाबा,

तुमचा पहिला मेसेज मिळाला. त्यात नुसतं ‘म’ होतं. मी तो ठेवून दिला आहे.

यंत्र मनातलं ओळखत नाही, घाबरू नका. आधी कुणी जे लिहिलं ते ते लक्षात ठेवतं. पुन्हा पहिला शब्द लिहिला की पुढचे शब्द काढून देतं, म्हणजे बोटांना कष्ट नकोत. मेसेज पाठवला नसला तरी लक्षात ठेवतं. लिहून खोडला असला तरीही. मी पत्ते आणि मेसेज पुसले होते, हे पुसायचं राहून गेलं. तुम्ही नको असलेले शब्द सोडून आपले लिहीत जा, मग हळूहळू तुमचेच वर येतील.

झोप? झोपते की. आठवड्याच्या पाळ्या बदलतात तेव्हा थोडी गडबड होते, एवढंच.

काम तेच. कानाला यंत्र लावायचं आणि दिवसभर लोकांच्या मोबाइलच्या तक्रारी ऐकायच्या. काल एक गृहस्थ अर्धा तास ओरडत होते की मोबाइल बंद पडला. शेवटी कळलं की ते टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबत होते. वर मलाच म्हणाले, "दोन्ही सारखे बनवता कशाला?" मी म्हटलं, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून क्षमा असावी." हे वाक्य दिवसातून इतक्यांदा म्हणते की परवा बसमध्ये माझ्याच पायावर एक बाई उभी राहिली तर मीच तिची क्षमा मागितली.

शेजारच्या खुर्चीवरच्या कोगा ताई नसत्या तर मी पहिल्याच महिन्यात पळाले असते. आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं. ग्राहक शिव्या देतो तेव्हा त्या कागदावर त्याचं चित्र काढतात, बहुतेक वेळा बटाट्याचं. आवाज मात्र लोण्यासारखा. ग्राहकाला शंकाही येत नाही की त्याचा बटाटा झाला आहे.

जेवत जा. भुकटी नाकात जाते म्हणून फडकं बांधा, किती वेळा सांगायचं.

मिनोरी


६ मे २००८

मिनोरी,

पत्र मिळालं. कोगाबाईंचे बटाटे वाचून हसलो.

काही विचारायचं होतं. तू कामावर चालत जातेस की बसने? वाटेत नदी लागते का? खोलीत तू एकटीच असतेस, तर शेजारी कुणाची ओळख आहे का, रात्री दार वाजवावं अशी? घरमालकीण कशी आहे? तिचा फोन नंबर मला कळव. उगाच, असावा म्हणून.

सुट्टीत चार दिवस येशील का? ओढ्याकाठी बांबूचे कोंब फुटले आहेत. मी स्टेशनवर घ्यायला येईन. पैशांची अडचण असेल तर तसं लिही. कामाची अडचण असेल तर काम सोड. मी गमतीने लिहीत नाही. चक्कीवर दोघांचं भागतं.

मोबाइल मी फारसा वापरत नाही. खणात ठेवला आहे.

आईच्या कबरीवरचं शेवाळ काढलं. तू त्याची काळजी करू नकोस. तिकडे मी बघतो. तू तिकडचा विचार करायचा नाही.

तुझा बाबा


१३ मे २००८
(हे पत्र पाकिटात घातलं, पत्ताही लिहिला, पण टाकलं नाही.)

मिनोरी,

मोबाइल खणात आहे असं मी तुला खोटं लिहिलं. तो माझ्या खिशात असतो. मुसळं चालू असताना त्या आवाजात मी बाकावर बसतो, एकेक शब्द लिहितो आणि खाली काय येतं ते वाचतो.

‘मी’ लिहिलं की येतं, ‘नसले तरी चालेल’.
‘उद्या’ लिहिलं की येतं, ‘नको’.
‘मला’ लिहिलं की येतं, ‘शोधू नका’.
‘आईच्या’ लिहिलं की येतं, ‘जवळ जाते’.

हे शेवटचं आलं तेव्हा मी यंत्र झाकून ठेवलं आणि चक्की बंद केली. तुझी आई गेली तेव्हा तू स्मशानातून परतताना काही बोलली नव्हतीस. मला वाटलं होतं, पोर शहाणी आहे, सावरली. माझं दुःख मला पुरेसं होतं, म्हणून मी तसं वाटून घेतलं असेल.

तू लिहितेस, यंत्र मनातलं ओळखत नाही. मग हे कुणाच्या मनातलं? तूच लिहिलंस की पाठवलं नाही, खोडलं, तरी राहतं. तू खोडलंस ना हे? कुणाला लिहीत होतीस? मला?

तीनदा तुला फोन केला. दोनदा तू उचलला नाहीस. तिसऱ्यांदा म्हणालीस, "बाबा, पाळीवर आहे, संध्याकाळी करते." आवाज चांगला होता. आता मला चांगल्या आवाजाचीच भीती वाटते. लोण्यासारखा आवाज कसा काढायचा ते तुम्हाला शिकवतात, असं तूच लिहिलं होतंस.

देवळात ऐकत आलो की पाठ फिरवून पळणाऱ्यालाही अमिदा बुद्ध मागून येऊन धरतात. मी यावर कधी शंका घेतली नाही. पण ते धरतील म्हणून मी इथे बसून राहावं का? त्यांना डोंगर उतरावा लागत नाही. मला लागतो, आणि उतरून तुझ्या दारात उभा राहून मी काय म्हणू? तुझा मोबाइल मी चोरून वाचतो असं? त्या शरमेनेच तू जिवाचं काही करून बसलीस तर?

नामु अमिदा बुत्सु हा त्यांचा जप म्हणायला लागलो की मधेच थांबतो, कारण हे आपण मेलेल्यांसाठीही म्हणतो. मग पुन्हा पहिल्यापासून म्हणतो.


१९ मे २००८

बाबा,

तुम्हाला काय झालं आहे ते मला खरं खरं सांगा.

तुमच्याकडून कोरे मेसेज येतात. परवा ओळीने पाच आले. मी फोन केला तर तुम्ही विचारलंत, "काय जेवलीस?" आणि मी सांगितल्यावर पुन्हा तेच विचारलंत. शिगे आजींना फोन केला. त्या म्हणाल्या, चक्की भर दिवसा बंद असते, तुम्ही बाकावर बसून मांडीकडे बघत असता, हाक मारली तर दचकता. "म्हातारपण माझ्याकडे यायचं ते पत्ता चुकून तुझ्या बापाकडे गेलं," असं म्हणाल्या. मला हसू आलं नाही. पन्नाशीसुद्धा गाठली नाही तुम्ही.

पत्रात विचारता, नदी लागते का. बाबा, तुम्ही मला कॉलेजात सोडायला आला होतात तेव्हा हीच नदी आपण दोघांनी चालत ओलांडली होती. आठवत नाही का? मला सरळ सांगा. काही विसरायला होतं का? डोकं दुखतं का? मी डॉक्टरांचा पत्ता सोबत पाठवते आहे. आईच्या वेळी आपण उशिरा गेलो, तसं मला पुन्हा करायचं नाही.

लगेच येता येत नाही. कोगा ताईंनी नोकरी सोडली, त्यामुळे त्यांचं कामही माझ्यावर आलं आहे. जाताना प्रत्येकाला काही ना काही देऊन गेल्या. मला पाणी तापवायची किटली आणि खिडकीतलं झाड मिळालं. बाकीच्यांना उश्या, छत्री, चांगला कोटसुद्धा. साहेब म्हणाले, "लग्न ठरलं वाटतं." ताई नुसत्या हसल्या. मी स्टेशनपर्यंत पोचवायला जाणार होते, पण त्यांनी गाडीची वेळ कुणालाच सांगितली नाही.

ऑगस्टात ओबोनच्या, पितरांच्या सणाच्या सुट्टीत नक्की येते. तोवर शिगे आजींकडे जेवत जा. त्यांना तांदळाचे पैसे मी पाठवते, त्यांना सांगू नका.

मिनोरी


२५ मे २००८

मिनोरी,

मला काही विसरायला होत नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

आता लिहितो. रागावायचं तर समोर येऊन रागाव.

तुझा मोबाइल मी वाचला आहे. आलेले मेसेज नाहीत, तू लिहून खोडलेले शब्द. एप्रिलपासून रोज वाचतो. मी पूर्वी एक पत्र लिहिलं होतं ते टाकलं नाही, ते सोबत जोडतो, म्हणजे पुन्हा ते शब्द माझ्या हाताने लिहायला नकोत.

कोरे मेसेज माझेच. तुला ‘ये’ एवढंच लिहायला जातो. यंत्र पहिल्या अक्षरालाच तुझे शब्द पुढे करतं. ते बघितले की मला पुढे लिहिता येत नाही आणि बोट भलतीकडेच पडतं.

तुला आईकडे जायचं आहे. मलाही काही वेळा वाटलं होतं, ती गेली त्या हिवाळ्यात. मी तुला ते कधी सांगितलं नाही. त्या दिवसांत मी चक्की सुरू करायचो आणि मुसळ एकदा पडलं की पुढचं पडेपर्यंत थांबायचो. पुढचं पडलं की त्याच्या पुढचं. तसाच वसंत आला. मी काही शहाणपणाचं केलं नाही, नुसता थांबलो. मला तुला एवढंच सांगता येतं.

ज्याने तुला दुखवलं असेल त्याचं नाव नको सांगूस. नोकरी सोड, घरभाडं बुडव, लोकांना काय वाटेल ते वाटो. तू चिडकी, आळशी, उपकार न मानणारी मुलगी म्हणून माझ्या घरात म्हातारी झालीस तरी मी रोज भात लावीन.

हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. बुधवारपर्यंत तुझा आवाज ऐकू आला नाही तर मी पहिल्या बसने निघतो.

बाबा


१ जून २००८
तोराशिमा बेटावरून

बाबा,

मंगळवारी फोनवर जे झालं त्यात धड बोलणं झालंच नाही, म्हणून सगळं क्रमाने लिहिते. इथे बोटीची वाट बघत बसले आहे.

तुमचं पत्र मी कामाला निघताना खालच्या पेटीतून काढलं आणि जिन्यात उभ्यानेच वाचलं. घरी फोन लावला. तुम्ही चक्कीवर. तुमच्या खिशातल्या मोबाइलवर लावला. मुसळांच्या आवाजात तुम्हाला तो कुठला ऐकू येणार? मग शिगे आजींना लावला. त्या गुडघे धरून धावल्या म्हणे, आणि तुम्हाला जे सांगितलं ते मला नंतर तिखटमीठ लावून सांगितलं: "ऊठ. तुझी मुलगी जिवंत आहे आणि तुझ्यावर भयंकर चिडली आहे."

तुम्ही घरच्या फोनवर आलात. नुसता श्वास येत होता. मी म्हटलं, "बाबा, तो मोबाइल माझा नाही."

तो कोगा ताईंचा. मार्चमध्ये मी कामावर सहज म्हटलं होतं की आमच्या खोऱ्यात टॉवर आला, बाबांसाठी एखादा साधा मोबाइल बघते आहे. ताईंनी दुसऱ्या दिवशी स्वतःचा आणून दिला. "मला आता लागणार नाही," म्हणाल्या. मला वाटलं, नवीन घेणार असतील.

तुम्हाला ‘माझाच जुना’ असं खोटं का लिहिलं, ते सांगायला लाज वाटते. तुम्हाला खरं कळलं असतं तर तुम्ही ताईंना परतफेड पाठवली असती, आणि आपल्या घरातून दुसरं काय जाणार? उदबत्तीचं खोकं. चौथीत असताना बाईंनी मला रंगपेटी दिली आणि तुम्ही त्यांना उदबत्ती पाठवलीत. ज्या घरात कुणी गेलेलं असतं तिथे पाठवायची वस्तू. बाईंनी ती टेबलावर ठेवली तेव्हा सगळा वर्ग विचारत होता, बाई, तुमच्याकडे कोण मेलं? मला ताईंच्या टेबलावर ते खोकं नको होतं. एवढ्यासाठी मी खोटं बोलले. तुमचे दीड महिने त्यात गेले. ताईंचेही गेले.

कारण फोनवर तुम्ही मोबाइलमधले शब्द वाचून दाखवू लागलात तेव्हा मला एकदम तो कोट दिसला, आणि उश्या, आणि माझ्या खिडकीतलं झाड. ताईंचा नवा नंबर कुणाकडेच नव्हता. खोली रिकामी झाली होती. त्यांचं गाव कुठलं तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं शेजारी बसून त्यांनी आमची गावं, आमची माणसं विचारली, आणि आम्ही त्यांना काहीच विचारलं नाही.

म्हणून मी तुम्हाला म्हटलं, शब्द लिहा. ‘गाव’ लिहिलंत, काही आलं नाही. ‘घर’ लिहिलंत, ‘रिकामं केलं’ आलं. ‘बस’, ‘स्टेशन’, काही नाही. तुम्ही म्हणालात, "मला सुचतील ते सगळे शब्द मी एप्रिलपासून लिहून बघितलेत." नंतर म्हणालात, "पण ते सगळे माझे शब्द होते. माझ्या डोंगरातले. ही कुठली आहे?" तेव्हा मला आठवलं, ताई एकदा म्हणाल्या होत्या, वारा सुटला की शाळेला सुट्टी मिळायची. मी म्हटलं, "बाबा, ‘बोट’ लिहा." आपल्या खोऱ्यात कोण कशाला तो शब्द लिहील? तुम्ही लिहिलात आणि वाचलंत, "तोराशिमाची शेवटची."

मी साहेबांना सांगितलं, निघते. ते म्हणाले, "पाळी कोण करणार?" आयुष्यात पहिल्यांदा मी क्षमा मागितली नाही.

ताई इथे त्यांच्या मावशीकडे होत्या. मावशी कटलफिश वाळवते. तिला काही कल्पना नव्हती. "काय गुणी पोर," मला म्हणाली. "रोज आईच्या कबरीवर जाते, आल्यावर माझी जाळी धुते. तुम्हा शहरातल्या मुलींना एवढं येतं हे माहीत नव्हतं मला." ताई धक्क्याच्या टोकाला बसल्या होत्या. मी जवळ गेले तर उठून वाकल्या आणि म्हणाल्या, "आपल्याला इतक्या लांब यायची तसदी पडली, क्षमा असावी."

मी म्हटलं, "ताई, तो आवाज बंद करा."

मग मी सांगितलं, मोबाइल माझ्या बाबांकडे आहे, बाबांनी सगळं वाचलं, त्यांना वाटलं मीच ते लिहिलं. त्या समुद्राकडे वळल्या. मग विचारलं, "जेवतात का ते?"

मी म्हटलं, "शिकवताना तुम्हीच सांगितलं होतंत ना, मोबाइल दुसऱ्याला देताना शेवटची पायरी म्हणजे शब्दांची आठवण पुसणं? तुम्ही विसरलात?"

"विसरले नाही," त्या म्हणाल्या. "तिथपर्यंत गेले होते. आठवण पुसायची का, असं त्याने विचारलं. हो किंवा नाही. मी ‘नाही’ दाबलं. का दाबलं ते मला आजसुद्धा सांगता येणार नाही. दिवसभर मी लोकांना सांगते, कुठलं बटण का दाबायचं. आणि हे मला सांगता येत नाही."

त्या रडल्या नाहीत. मीच रडले, आणि त्यांनी मला रुमाल दिला. मला एकदम वाटलं, हाही त्या वाटून टाकताहेत, आणि मी तो परत त्यांच्या हातात कोंबला.

मावशीला सगळं सांगितलं. मावशीने जाळं खाली ठेवलं आणि ताईंच्या पाठीत एक धपका घातला. मग त्यांना सोडेचना. काल आम्ही तिघी पलीकडच्या किनाऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. औषध दिलं आहे, पुन्हा बोलावलं आहे. ताई बऱ्या झाल्या असं मी लिहिणार नाही. मावशी रात्री त्यांच्या अंथरुणाला आपलं अंथरूण लावून झोपते, त्यांच्या बाहीवर हात ठेवून. इतकंच झालं आहे.

मी उद्या कामावर जाते. असलं तर असलं, नाहीतर नाही. ओबोनपर्यंत थांबत नाही, त्याआधीच येते.

आणि बाबा, तुम्ही विचारलं होतंत ना, मला झोप लागते का. नाही लागत. पण ते त्या मोबाइलमधलं नाही. ते माझं आहे, आल्यावर सांगते.

मिनोरी


९ जून २००८

श्रीयुत उशिजिमा तोकुइची यांस,

ओळख नसताना पत्र लिहिते, याबद्दल क्षमा असावी. मी कोगा सुमिए. माझ्यामुळे आपल्याला आणि मिनोरीला जो त्रास झाला त्याची भरपाई करता येण्यासारखी नाही.

हे पत्र चारदा लिहून फाडलं. कागद फाडला की शब्द जातात, हे एक बरं आहे.

एक विनंती आहे. तो मोबाइल मला परत पाठवाल का? त्यात काय काय राहिलं आहे ते मला आठवत नाही. त्या दिवसांतलं मला फारसं काहीच आठवत नाही. एकदा वाचावं आणि मग माझ्या हाताने पुसावं, असं वाटतं. पोस्टाचा खर्च सोबत पाठवते आहे. डोंगरातून पोचायला वेळ लागेल, घाई नाही.

मावशी म्हणते की आपल्याला वाळवलेला कटलफिश पाठवावा. मी म्हटलं, ते परतफेड पाठवतील, मग पुन्हा आपल्याला पाठवावं लागेल, आणि हे थांबणार नाही. ती म्हणाली, "मग न थांबू दे."

कोगा सुमिए


१२ जून २००८

कोगाबाई,

पत्र मिळालं. कटलफिशही मिळाला. शिगे आजींनी तो भाजला आणि माझ्या वाटणीला शेपटी ठेवली.

पोस्टाचा खर्च परत पाठवतो आहे, कारण मोबाइल मी पोस्टाने पाठवणार नाही. तो रागाने धरून ठेवलेला नाही. ते शब्द तुम्ही एकटीने, त्या धक्क्यावर बसून वाचू नयेत, एवढ्यासाठी. मला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहेत. मी ते एकट्याने वाचले आहेत, म्हणून सांगतो की ते एकट्याने वाचण्यासारखे नाहीत.

दुसरंही एक कारण आहे. मिनोरी म्हणाली, "तो मोबाइल माझा नाही." तेव्हा माझा अडकलेला श्वास सुटला. मी डोळे मिटून म्हटलं, वाचलो. माझी नाही, दुसऱ्या कुणाची तरी आहे. पुढचा शब्द ती बोलेपर्यंत मी तसाच उभा होतो, हलका होऊन. इतके दिवस ज्या मुलीसाठी मी चक्की बंद करून बसलो होतो, तिला त्या एका श्वासात मी सोडून दिलं. नाव दुसरं निघालं म्हणून. देवळातल्या गुरुजींना हे सांगितलं. ते म्हणाले, माणसाचं प्रेम एवढंच लांब पोचतं, म्हणूनच तर बुद्धाची गरज. त्यांचं बरोबर असेल. पण माझं समाधान झालं नाही. ते तुमच्यासमोर बसून, तुमच्याकडे बघून सांगायचं आहे.

तेव्हा तुम्ही या. मावशींना घेऊन या. ओढ्याकाठी अजून उशिराचे बांबूचे कोंब आहेत, त्यांचा भात करतो. मिनोरी पुढच्या शनिवारी येते आहे. तिने तिचंही काही सांगायचं ठेवलं आहे, ते मला एकट्याला झेपेल असं वाटत नाही. मोबाइल चार्ज करून फळीवर ठेवला आहे. वाचताना मी बाहेर थांबावं की आत बसावं, ते तुम्ही ठरवा. पुसायचं की नाही, तेही तुम्हीच.

येणं जमलं नाही तर तसं कळवू नका. मी समजेन आणि त्यानंतरच्या सोमवारी तो खिशात घालून निघेन. मी आजवर समुद्र लांबूनच पाहिला आहे आणि बोटीत कधी पाय ठेवलेला नाही. मला पोहता येत नाही. त्या दिवशी धक्क्यावर कुणीतरी हात द्यायला उभं असावं लागेल.

उशिजिमा तोकुइची